नेसून परत आणलेली नऊवारी आणि अमेरिकेतली दुकानं

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेला विषय. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘माल परत घेणे - चर्चा’ एवढंच लिहिलंय. मागच्या सभेत हा विषय निघाला आणि कसा तापला ते तुम्हाला आठवत असेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगते. आपल्या विक्री केंद्रातून एका बाईंनी शुक्रवारी शिवलेली नऊवारी नेली आणि सोमवारी “मापात बसत नाही” म्हणून परत आणली. काठाला हळदीचा डाग, बगलेत घामाचे वण आणि अत्तराचा वास असा की पिशवी उघडल्याबरोबर कळलं, साडी लग्नाला जाऊन आली आहे. काउंटरवरच्या ताईंनी वाद नको म्हणून पैसे देऊन टाकले. साडी आली शिवणाऱ्या गटाकडे. कापड त्यांचं, शिलाई त्यांची, नुकसानही त्यांचंच.

त्या गटाचं म्हणणं, उद्याच पाटी लावा, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ पापड-मसाल्याच्या गटांचं म्हणणं उलटं. त्यांची गिऱ्हाइकं वाढली तीच मुळात “आवडलं नाही तर परत आणा” म्हटल्यामुळे. दोघींचंही खरं आहे, म्हणून मागच्या वेळी निर्णय झाला नाही आणि अध्यक्ष ताईंनी मला सांगितलं की जरा माहिती काढून मांड.

माहिती काढायला बसले आणि पोचले थेट अमेरिकेत. हसू नका. ‘पटलं नाही तर परत आणा’ हे तिथल्या दुकानांनी जेवढं मोठ्या मनाने केलं तेवढं क्वचितच कुठे झालं असेल, आणि गिऱ्हाइकांनी त्याचा जेवढा गैरफायदा घेतला त्याच्या गोष्टीही तिथल्याच.

आधी हे सुरू कसं झालं ते ऐका, कारण त्यात आपल्यासारखीच खेड्यातली माणसं आहेत. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतला शेतकरी गावच्या एकाच दुकानावर अवलंबून होता. दुकानदार म्हणेल तो भाव. माँटगोमेरी वॉर्ड नावाचा एक फिरता विक्रेता हे सगळं बघत गावोगाव हिंडत होता. त्याने १८७२ मध्ये शिकागो शहरातून टपालाने माल विकायला सुरुवात केली. एका कागदावर वस्तूंची यादी आणि किंमत, बस. त्याची पहिली गिऱ्हाइकं होती शेतकऱ्यांच्या एका संघटनेचे सभासद. म्हणजे बघा, तिथेही आधी संघटना आणि मग बाजार. पण न बघता, न हात लावता वस्तू घ्यायची म्हणजे माणूस घाबरणारच. पैसे पाठवले आणि भलतंच आलं तर? म्हणून १८७५ मध्ये त्याने कबूल केलं की समाधान झालं नाही तर पैसे परत. अनोळखी माणसाचा विश्वास मिळवायला ते वचन होतं, उपकार म्हणून नव्हतं.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, थंडी आणि जंगलाचं. तिथे लिऑन लिऑनवूड बीन नावाच्या माणसाने १९१२ मध्ये शिकाऱ्यांसाठी बूट बनवले. खाली रबर, वर चामडं, म्हणजे चिखलात पाय ओला होणार नाही. बाहेरगावच्या शिकाऱ्यांची यादी मिळवून त्यांना पत्रकं पाठवली आणि समाधानाची हमी दिली. पहिले शंभर जोड विकले गेले. त्यातले नव्वद परत आले! रबर आणि चामड्याची शिवण उसवली होती. आपल्यापैकी किती जणींनी तिथेच धंदा गुंडाळला असता? ह्या माणसाने सगळ्यांचे पैसे दिले, उसने पैसे घेतले, बूट सुधारला आणि पुन्हा विकायला निघाला. त्याच बुटावर एल. एल. बीन ही मोठी कंपनी उभी राहिली. पुढे कितीतरी वर्षं त्यांचा नियम असा होता की वस्तू कधीही परत आणा, वर्षांची मर्यादा नाही.

तिसरी गोष्ट टायरची. नॉर्डस्ट्रॉम हे तिकडचं कपडे आणि चपला-बुटांचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर. डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे एकाच छपराखाली वेगवेगळे विभाग असलेलं मोठं दुकान. त्यांनी सत्तरच्या दशकात अलास्कामध्ये दुसऱ्या एका कंपनीची दुकानं विकत घेतली. त्या जुन्या दुकानात टायरही मिळायचे. एक गिऱ्हाईक टायर घेऊन आला, म्हणाला इथूनच घेतले होते, परत घ्या. नॉर्डस्ट्रॉमने टायर कधी विकलेच नव्हते. तरी काउंटरवरच्या माणसाने पैसे दिले. ही गोष्ट ते लोक अजून अभिमानाने सांगतात. मला विचाराल तर त्या टायरचे पैसे म्हणजे जाहिरातीचा खर्च झाला, आणि फार स्वस्तात झाला. पन्नास वर्षांनी मी इथे तुमच्यासमोर त्यांचं नाव घेतेय, बघा ना.

आता दुसरी बाजू.

२०१८ च्या फेब्रुवारीत एल. एल. बीनने जाहीर केलं की कायमची मुदत बंद. यापुढे एक वर्ष, आणि तेही खरेदीचा पुरावा दाखवून. का? तर लोक दहा-वीस वर्षं वापरून झिजलेले बूट, फाटलेल्या बॅगा परत आणायचे आणि नवीन घेऊन जायचे. इतपत तरी एकवेळ समजू. पण काही महाभाग जुन्या बाजारातून, कुणाच्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून त्या कंपनीच्या वस्तू कवडीमोलाने घ्यायचे आणि दुकानात नेऊन पैसे मागायचे. म्हणजे मूळ खरेदी भलत्याचीच! कंपनीने सांगितलं, अशा टाकून द्यायच्या लायकीच्या परत मालापायी पाच वर्षांत २५ कोटी डॉलरचं नुकसान झालं. त्या वेळच्या भावाने दीड हजार कोटी रुपयांच्या वर.

यापेक्षा जास्त विचार मला लावला तो आरईआय नावाच्या दुकानाने. कारण ते दुकान कुणा मालकाचं नाही, सहकारी आहे. १९३८ मध्ये सिअ‍ॅटल शहरातल्या लॉइड आणि मेरी अँडरसन या नवरा-बायकोने गिर्यारोहक मित्रांना घेऊन ते सुरू केलं. बर्फावर चढायच्या कुऱ्हाडी तिकडे महाग मिळायच्या, म्हणून सगळ्यांनी मिळून परदेशातून मागवायच्या. आपण गटाने बियाणं एकत्र आणतो तसंच. सभासद होण्यासाठी एकदाच वर्गणी, आणि वर्षभराच्या खरेदीवर सभासदांना परतावा. तंबू, बूट, पाठीवरच्या सॅक विकणारं हे दुकानही मुदत न ठेवता माल परत घ्यायचं. लोक काय करायचे, सुट्टीच्या आधी तंबू न्यायचे, डोंगरावर राहून यायचे आणि मातीसकट परत द्यायचे. शेवटी त्या दुकानाला लोक चेष्टेने ‘भाड्याच्या सामानाची कंपनी’ म्हणायला लागले. २०१३ मध्ये त्यांनीही एक वर्षाची मुदत घातली. आता विचार करा ताई, हे कुणाला फसवत होते? दुकान सभासदांचं, तोटाही सभासदांचाच. तंबू परत देणारा माणूस स्वतःच्याच खिशात हात घालत होता, फक्त त्या खिशात बाकी लाखो जणांचेही पैसे होते म्हणून त्याला ते टोचत नव्हतं. आपल्या गटात कर्ज थकलं की पंधरा जणींना लगेच टोचतं, कारण आपण पंधराच असतो आणि आठवड्याला एकमेकींचं तोंड बघतो. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणि आपल्या नऊवारीचा जुळा भाऊ, तोही तिकडे आहे! महागडा ड्रेस घ्यायचा, किमतीची चिठ्ठी आतल्या बाजूला खोचून पार्टीला घालायचा आणि सोमवारी परत. हा प्रकार इतका चालायचा की त्याला इंग्रजीत वेगळं नावच पडलंय, ‘वॉर्डरोबिंग’. तसंच मोठ्या टीव्हीचं. तिकडे फुटबॉलचा वर्षातला सगळ्यात मोठा सामना असतो, त्याच्या आधी भिंतीएवढा टीव्ही आणायचा आणि सामना संपला की “घरात मावत नाही.” नाताळचं झाड सण उरकल्यावर वाळलेल्या अवस्थेत दुकानात परत नेलं, अशीही बातमी गाजली होती. आपल्याकडे गणपतीची आरास विसर्जनानंतर परत करायला कुणी गेलं तर काय म्हणाल?

(इथे मागून एका मावशींनी “परत घेणारा भेटला तर जातील की!” असं म्हटलं आणि सभा हसली.)

बरोबर आहे मावशी, जातील. म्हणून एका दुकानाने केलेला उपाय मला कामाचा वाटतो. न्यूयॉर्कचं ब्लूमिंगडेल्स. त्यांनी २०१३ मध्ये महाग ड्रेसवर काळ्या प्लॅस्टिकचा मोठा बिल्ला लावायला सुरुवात केली, तोही समोर दिसेल अशा जागी. घरी घालून बघा, आरशात बघा, बिल्ला आड येत नाही. पण बिल्ला लावून लग्नाला जाता येत नाही. आणि बिल्ला काढला की माल परत नाही. कुणावर संशय नाही, कुणाशी वाद नाही, नियम कपड्यालाच शिवलेला.

काही दुकानांनी वेगळा रस्ता धरला. वस्तू परत करताना ओळखपत्र मागायचं, नोंद कॉम्प्युटरवर ठेवायची आणि कुणी फार वेळा परत करायला लागलं की नकार द्यायचा. ह्यात खरोखर अडचण असलेला माणूसही सापडतो आणि त्याला कळतही नाही की आपलं नाव कुठल्या यादीत गेलंय. मला हे पटत नाही. आपल्याकडे तर कॉम्प्युटरही लागणार नाही, गावभर नाव व्हायला एक पाणवठा पुरे. म्हणून आत्ताच विनंती करते, ती नऊवारी कुणी आणली होती ह्याची चर्चा आता बंद करूया. त्या बाईंकडेही लग्नाला नेसायला चांगलं काही नसेल, हे आपल्याला काय माहीत?

आपल्याकडे लग्नाला शेजारणीची साडी मागून नेसायची पद्धत आहेच. त्यात कमीपणा नाही, कारण मागणारी मागून नेते आणि देणारी माहीत असून देते. विकत घेतल्याचं नाटक करून नेली की मग ज्या बाईने रात्री लाइट जाईपर्यंत काठ शिवले तिला न विचारता तिची मजुरी उसनी घेतल्यासारखं होतं.

आणि आपण सगळ्या जणी कायम काउंटरच्या ह्याच बाजूला असतो असंही नाही. मोबाइलवरून ड्रेस मागवायचा, हळदीला घालायचा, फोटो-रील काढायचं आणि ‘साइज बरोबर नाही’ लिहून परत पाठवायचा, हे आपल्या गावांतही सुरू झालंय. नावं घेत नाही. मुली सांगतात, “कंपनी मोठी आहे, तिला काय फरक पडतो?” कंपनीला पडत नसेल. पण त्या अ‍ॅपवर माल टाकणारी कित्येकदा कुठलीतरी छोटी शिवणकाम करणारी बाईच असते. आपला एक गट ऑनलाइन विकायचा प्रयत्न करतोय. त्यांना विचारा, परत आलेल्या पाकिटात स्वतःच्या पिशवीऐवजी दुसरीच फाटकी पिशवी निघाली तेव्हा कसं वाटलं.

मग पाटी लावायची का? माझं मत, नाही. दोन कारणं.

एक तर कायदा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. माल सदोष असेल तर बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात काही लिहिलं नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते. म्हणजे ‘माल परत घेतला जाणार नाही’ अशी सरसकट पाटी लावली आणि पिठात जाळी निघाली तर पाटी आपल्याला वाचवणार नाही. गिऱ्हाईक १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करू शकतं. हा नंबर तुम्हीही लिहून घ्या, गिऱ्हाईक म्हणून तुमच्या कामाचा आहे. मात्र माल चांगला आहे आणि नुसता आवडला नाही, तर तो परत घ्यायची सक्ती हा कायदा करत नाही. तिथे नियम आपण ठरवायचा आणि आधी सांगायचा. पिठात जाळी आणि नऊवारीला अत्तर, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या सभेत आपण त्या एकत्र कालवल्या म्हणून भांडण झालं.

दुसरं म्हणजे एल. एल. बीनने एवढं नुकसान सोसलं तरी दार बंद केलं नाही. कायमची मुदत होती ती एक वर्ष केली. आरईआयनेही तसंच. कारण बहुतेक गिऱ्हाइकं सरळ असतात आणि त्यांच्याच भरवशावर दुकान चालतं, हे त्यांना माहीत होतं. आपला मसाला शहरातल्या बाई पहिल्यांदा घेतात तेव्हा त्यांच्या ओळखीचं नाव दुसऱ्या पुड्यावर असतं. आपल्याकडे नाव नाही, टीव्हीवर जाहिरात नाही. “आवडला नाही तर परत आणा” हीच आपली जाहिरात आहे. शिवाय परत आलेला माल शिकवतो. नव्वद जोड परत आले म्हणून बूट सुधारला. दिवाळीत भाजणीची पाकिटं परत आली तेव्हा वाईट वाटलं, पण पाकिटावर बॅच नंबर होता म्हणून कळलं की त्या दिवशी धान्य पुरतं वाळलं नव्हतं.

तर आता मी काय सुचवते ते ऐका. हे ठरलेलं नाही, चर्चेसाठी आहे.

खाण्याचा माल खराब निघाला तर बिल आणि पाकीट आणा, पैसे परत, प्रश्न न विचारता. पाकीट अर्धं संपवून “तिखट फार आहे” म्हणाल तर पैसे नाहीत, पण काउंटरवर चव बघायला छोटा नमुना आधीच ठेवायचा. शिवलेल्या कपड्याला समोरच्या बाजूला, पदरावर किंवा छातीवर, लाल दोऱ्याने मोठी चिठ्ठी टाचायची. चिठ्ठी शाबूत असेल तर तीन दिवसांत परत किंवा माप बदलून. दोरा तुटला की नाही. शिवण उसवली, रंग गेला तर चिठ्ठीचा प्रश्नच नाही, ती आपली चूक, आपण घेणार. हे सगळं बिलाच्या पाठीमागे मराठीत, मोठ्या अक्षरात छापायचं आणि पैसे घेण्याआधी तोंडी सांगायचं.

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते काउंटरवरच्या ताईंचं. त्या दिवशी त्यांनी पैसे का दिले? कारण नियमच नव्हता. दिले असते तर एक गट रागावणार, नसते दिले तर गिऱ्हाईक दारात ओरडणार. महिन्याच्या मानधनात रोज असले निर्णय त्यांनी एकटीने का घ्यावेत? नियम लिहिलेला असला की त्या नियमाकडे बोट दाखवू शकतात.

आणि नुकसान. परत आलेल्या मालाचा सगळा बोजा एकाच गटावर पडतो म्हणून तो गट पाटी मागतो. प्रत्येक विक्रीतून शंभर रुपयांमागे एक रुपया बाजूला काढून संघाच्या पातळीवर परतावा निधी करता येईल. त्यातून चांगल्या मनाने घेतलेल्या परतीचे पैसे द्यायचे. सदोष माल एकाच गटाकडून पुन्हा पुन्हा यायला लागला तर मात्र त्या गटाशी बसून बोलायचं, निधी तिथे पांघरूण घालायला नाही. परत आलेला पण धडधाकट माल आरईआय जसा स्वस्तात वेगळा विकतं, तसा आपणही बाजारच्या दिवशी ‘परत आलेला’ असं स्पष्ट लिहून कमी किमतीत ठेवू शकतो.

हे टिपण तयार करत होते तेव्हा मागच्या वस्तीवरच्या एका आजींना सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, “मग बायकांना एक दिवसच लागते तर भाड्यानंच का देत नाही गं?” खरंच, का देत नाही? पाच-सहा चांगल्या नऊवारी, वेगवेगळ्या मापाच्या, अनामत ठेवून एक-दोन दिवसांसाठी. धुण्याचा खर्च भाड्यात धरायचा. ती डागाची साडी धुऊन, काठ बदलून त्यातली पहिली साडी होऊ शकते. शिवणाऱ्या गटाने हिशेब मांडायला घेतलाय, लग्नसराईच्या आधी आकडे आपल्यासमोर येतील.

प्रत्येक ग्रामसंघाने आपल्या बैठकीत तीन गोष्टींवर मत घ्यावं आणि ठरावाच्या वहीत लिहून आणावं: कपड्याला तीन दिवस की सात, निधीला शंभरामागे एक रुपया जमेल का, आणि भाड्याच्या नऊवारीसाठी अनामत किती. पाटी अजून रंगवायला दिलेली नाही. सचिव ताईंनी पेंटरला थांबायला सांगितलंय.